वनजाच्या प्रबंधाबाबत आणि माझ्या इतर मिळकतीबाबत

मी, वेदवती, वडील कै. हनुमंतराव, वय वर्षे ७९, अविवाहित, निवृत्त प्राध्यापिका, राहणार चामराजपुरम, म्हैसूर, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉ. आभा यांनी काल मला तपासून दिला, तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी ते आधी मराठीत आणि मग ग्रीकमध्ये करून दाखवले. दुसऱ्या वेळी त्यांना काही कळले नाही, पण दाखल्यावरच्या 'शाबूत' या शब्दाखाली त्यांनी रेघ ओढली. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग आहे. पण रागाला कायदा दबाव मानत नाही, असे माझ्या वकील श्रीमती नमिता यांनी सांगितले आहे.

सन २००९ व सन २०१७ मध्ये केलेली माझी दोन्ही मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे. ती मी भित्रेपणाने केली होती. का, ते पुढे येईलच.

कलम १. भाषेबाबत. नमिताबाईंचे म्हणणे होते, "मॅडम, कन्नडात करू या, नाहीतर इंग्लिशमध्ये. मराठी इथे कोण वाचणार?" आमचे घराणे सात पिढ्या म्हैसुरात आहे. घरी आम्ही वाक्य मराठीत सुरू करतो आणि कन्नडात संपवतो. हा कागद मात्र मी शेवटपर्यंत एकाच भाषेत नेणार आहे, कारण माझे आयुष्यभराचे काम मराठीत आहे आणि 'हे कोण वाचणार' म्हणून ते एकदा बाजूला सारले गेले आहे. कन्नड भाषांतर सोबत आहे. वाद झाल्यास मराठीच खरे धरावे. मृत्युपत्राला ग्रीक शब्द आहे 'दिआथेके'. त्याचा मूळ अर्थ मांडणी, लावालाव. मरणाचे त्यात नाव नाही. मी तेच करीत आहे.

कलम २. शब्दकोश. माझ्या टेबलावरचा, काळ्या कातडी बांधणीचा ग्रीक शब्दकोश शहरातल्या ज्या सेमिनरीतून माझ्याकडे आला, तिथल्या ग्रंथालयाला परत करावा. तो फादर सालदान्हा यांचा. सन १९६६ मध्ये मी एम.ए.ला असताना एका ग्रीक वाक्याची दोन इंग्रजी भाषांतरे वाचली. दोन्ही एकमेकांच्या अगदी उलट. मी प्राध्यापकांना विचारले, कोणते खरे? ते म्हणाले, "परीक्षेला दोन्ही चालतात." त्याच दुपारी मी सायकल घेऊन सेमिनरीच्या फाटकाशी गेले. बायकांना आत सोडत नाहीत, असे पहारेकऱ्याने सांगितले. तेव्हा फादर स्वतः बाहेर आले आणि पुढचे आठ महिने त्यांनी मला फाटकाबाहेर, पहारेकऱ्याच्या बाकावर बसून ग्रीक शिकवले. ते मंगळूरचे. ते कोंकणीत बोलत, मी मराठीत, आणि विभक्तीप्रत्यय आम्ही दोघे त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी शोधत असू. पुढे मला आतल्या खोलीत बसवून शिकवण्याची परवानगी त्यांना मिळाली. डोळे गेले तेव्हा त्यांनी शब्दकोश मला दिला. या कागदात ज्यांच्यावर माझा राग नाही, अशी माणसे फार नाहीत. फादर त्यांतले पहिले. समासातले पेन्सिलचे शेरे माझे आहेत. चुकीचे असतील ते खुशाल खोडावेत.

कलम ३. संकर्षण यास. काही नाही.

हे चार शब्द कायद्याला पुरतात. मला पुरत नाहीत, म्हणून खुलासा करते.

ज्या तत्त्वज्ञावर मी चोवीस वर्षे काम केले, त्याचे नाव इथे घालत नाही. रजिस्ट्रार कचेरीत त्याचे तीन प्रकारे वाटोळे होईल. त्याचा ग्रंथ हरवला आहे. इतरांनी आपापल्या पुस्तकांत उतरवून घेतलेली त्याची सुटी वाक्ये तेवढी उरली आहेत. त्यांतली चार वाक्ये, जी लोक चार वेगळ्या विषयांवरची समजत होते, ती एकाच उताऱ्यातली आहेत आणि एका ठरावीक क्रमाने लावली की त्याचे मत उलटे फिरते, हे मी दाखवले. म्हणजे वह्यांत दाखवले. बावीस वह्या, मूळ ग्रीक आणि खाली मराठीत विवेचन. मी छापण्याची घाई केली नाही. ती माझी चूक. तिची शिक्षा मी भोगली आहे.

संकर्षण माझ्याकडे आला सन १९७८ मध्ये, एकोणीस वर्षांचा. नऊ वर्षे रोज सकाळी सहाला तो आमच्या पुढच्या खोलीत ग्रीक शिकला. माझी आई त्याला कॉफी देत असे आणि तो मला 'वेदक्का' म्हणत असे. तो हुशार होता. हे लिहिताना हात आखडतो, पण कागद खरा असला पाहिजे. त्याला मी वह्या वाचू दिल्या. तोच एक होता ज्याच्याशी त्या चार वाक्यांवर बोलता येत होते.

सन १९९१ मध्ये त्याचे इंग्रजी पुस्तक परदेशात निघाले. मी ते ग्रंथालयात उभ्यानेच वाचले. बसले असते तर उठता आले नसते. चौथ्या प्रकरणात माझी चार वाक्ये होती, माझ्याच क्रमाने. प्रस्तावनेत लिहिले होते की ग्रीक आपण एकट्याने, पुस्तकांवरून शिकलो.

मी त्याच्या घरी गेले. "संकर्षणा, हे काय केलंस?"

तो म्हणाला, "वेदक्का, विचार कुणाच्या मालकीचे नसतात. हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"मी ग्रीक शिकवलं. तेही तू एकट्याने शिकलास म्हणतोस."

त्याने बायकोला हाक मारून मला कॉफी करायला सांगितले. मी ती घेतली नाही. त्या घरचे पाणीही त्यानंतर मी घेतलेले नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये तो शाल, फळांची परडी आणि एक फोटोग्राफर घेऊन माझ्याकडे आला. त्याला माझ्या तळमजल्यावर 'डॉ. वेदवती अभ्यासपीठ' काढायचे होते. अध्यक्ष अर्थात तो. "तुमचं नाव राहील, वेदक्का," तो म्हणाला. मी म्हटले, "राहू दे की. तुझ्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत जागा होती." फोटोग्राफरला मराठी येत नसावे, त्याने त्याच वेळी फोटो काढला. त्यात संकर्षण हसतो आहे आणि मी शाल परत त्याच्या हातात कोंबते आहे.

म्हणून स्पष्ट लिहिते: माझ्या नावाने अभ्यासपीठ, व्याख्यानमाला, पुरस्कार किंवा स्मृतिग्रंथ संकर्षणने किंवा त्याच्या सांगण्यावरून कोणी काढू नये. माझ्या मृत्यूनंतर त्याने वर्तमानपत्रात लेख लिहिल्यास हे कलम त्या वर्तमानपत्राला पाठवावे.

कलम ४. घर. या घराचा तळमजला माझा आणि वरचा मजला माझा धाकटा भाऊ नरसिंहमूर्ती याचा, अशी वडिलांनी वाटणी केली आहे. माझ्यामागे तळमजलाही नरसिंहमूर्तीला मिळावा, अशी त्यांची तोंडी इच्छा होती. ती मी पाळते. मी त्याला माफ केले, असा याचा अर्थ कोणी काढू नये.

संकर्षणविरुद्ध मी विद्यापीठाकडे तक्रार केल्यावर सन १९९२ मध्ये तीन जणांची समिती नेमली गेली. मी बावीस वह्या पिशव्यांत भरून नेल्या. समितीतल्या एकालाही मराठी येत नव्हते. त्यांनी वह्या चाळल्या आणि विचारले, "यावर तारखा कुठे आहेत? संकर्षणच्या आधी तुम्ही हे लिहिलंत, याला साक्षीदार कोण?" साक्षीदार नरसिंहमूर्ती होता. सन १९८४ च्या एका रविवारी जेवताना त्या चार वाक्यांचा क्रम मला सुचला. तेव्हा मी उष्ट्या हाताने वही आणायला धावले आणि त्याला तो सबंध उतारा वाचून दाखवला. तो म्हणाला होता, "अक्का, हे खरंच जमलं की!"

समितीपुढे तो म्हणाला, "अक्काच्या वह्यांत काय असतं मला ठाऊक नाही. ती काहीतरी लिहीत असते."

घरी आल्यावर मी त्याला जाब विचारला. त्याच्या बँकेतल्या बढतीचा कागद संकर्षणच्या मामांच्या टेबलावर होता. "तुझं ग्रीक गेलं खड्ड्यात, अक्का," तो म्हणाला, "मला दोन पोरं आहेत." पोरे होती हे खरे. बढतीही मिळाली. त्यानंतर बत्तीस वर्षे आम्ही एका जिन्याने जातो-येतो. तो पेपर वाचून झाला की खाली माझ्या दाराशी ठेवतो आणि मी तो उचलते. बाकी बोलणे गणपतीला आणि दिवाळीला. त्या 'काहीतरी' या शब्दासाठी त्याला मी तळमजल्याबरोबर एखादी शिक्षाही देऊ शकत असते तर जरूर दिली असती.

तळमजल्यावर कसलीही अट घालत नाही. त्याने तिथे राहावे, भाड्याने द्यावा, विकावा. संकर्षणला मात्र देऊ नये, ही अट नव्हे, विनंती आहे. बहिणीची एक तरी विनंती त्याने ऐकावी.

कलम ५. देह आणि ठेवी. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. फॉर्म भरला आहे. तेरावा, मासिक काही करू नये. गुरुजींना जेवायला घालायची नरसिंहमूर्तीला फारच इच्छा झाली तर त्याने वरच्या मजल्यावर घालावे. बँकेतल्या ठेवी आमच्या भागातल्या सार्वजनिक वाचनालयाला द्याव्यात. त्या पैशांतून त्यांनी हवी ती पुस्तके विकत घ्यावीत, रहस्यकथासुद्धा. माझ्या नावाची पाटी लावू नये.

कलम ६. वनजा. आतापर्यंत मी इतरांच्या अपराधांची यादी दिली. ती देणे सोपे होते. हे कलम मी चार वेळा लिहून फाडले आहे.

वनजा ही पिरियापट्टणच्या तंबाखू पिकवणाऱ्या कुटुंबातली मुलगी. संकर्षणच्या हाताखाली तिने त्याच तत्त्वज्ञावर पीएच.डी.चा प्रबंध लिहिला. सन २००३ मध्ये तो परीक्षणासाठी माझ्याकडे आला, कारण या भागात ग्रीक वाचणारी माणसे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतले एक बोट तिचा मार्गदर्शकच होता. मुखपृष्ठावर त्याचे नाव पाहूनच मी चष्मा पुसला.

दोन दिवसांत मी प्रबंध वाचला. तिसऱ्या प्रकरणात माझ्या चार वाक्यांपैकी दुसरे वाक्य होते. त्यात एक छोटे अव्यय आहे, दोन अक्षरांचे. मी ते 'म्हणून' असे वाचले होते. संकर्षणने माझी नक्कल केली, म्हणून त्यानेही तसेच वाचले. या मुलीने ते 'तरीही' असे वाचले होते आणि पाच पानांत सिद्ध केले होते. तिचे बरोबर होते. माझी चोवीस वर्षे तिने एका अव्ययाने दुरुस्त केली होती. मला आधी आनंद झाला. तो तासभर टिकला.

मग मी अहवाल लिहिला: अनुवाद मूळ ग्रीकवरून केलेला नाही, इंग्रजी भाषांतरांवरून उचललेला आहे, प्रबंध दुरुस्तीसही योग्य नाही. संकर्षणचा विद्यार्थी पडला पाहिजे, एवढेच माझ्या डोक्यात होते. माझ्यावर जे केले गेले, त्याचाच आरोप मी एका निर्दोष मुलीवर ठेवला. इतर दोन परीक्षकांना ग्रीक येत नव्हते. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

संकर्षणला एका पत्राने तिला वाचवता आले असते. पण मग कोणीतरी तिचे प्रकरण त्याच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचले असते आणि त्याची चूक उघडी पडली असती. तो गप्प राहिला. आम्ही दोघांनी मिळून तिला बुडवले. पहिला हात माझा.

ग्रीकमध्ये 'प्सेउदोस' असा शब्द आहे. चूक आणि खोटे, दोन्हींना तो चालतो. एकवीस वर्षे मी मनातल्या मनात त्या अहवालाला हा ग्रीक शब्द वापरत आले आणि आधीच्या दोन्ही मृत्युपत्रांत भीतीने त्याचा उल्लेखही केला नाही. मराठीत ती पळवाट नाही. म्हणून मराठीत लिहिते: माझा अहवाल चुकीचा नव्हता. खोटा होता.

कलम ७. वनजाशी झालेले बोलणे. मी तळमजला आणि सगळी पुस्तके वनजाच्या नावाने करायचे ठरवले होते, वडिलांची इच्छा मोडूनसुद्धा. नमिताबाई म्हणाल्या की आधी तिला विचारावे. ऑक्टोबरमध्ये त्या स्वतः गाडी चालवत मला पिरियापट्टणला घेऊन गेल्या. वाटेत येलवाल गाव आले तेव्हा मी म्हटले, परत फिरू या. त्यांनी गाडीचा वेग कमी केला आणि विचारले, "पुढं वळायला जागा आहे. वळवू का? तुम्ही सांगा." वळायची जागा मागे पडली.

वनजा घरामागच्या शेडमध्ये भट्टीत वाळवलेली तंबाखूची पाने निवडत बसली होती. पिवळी एकीकडे, करडी एकीकडे. आता ती अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. तिने मला ओळखले, पाणी दिले, बसायला पोते झटकून टाकले. मी उभ्यानेच सगळे सांगितले. बोलणे कन्नडात झाले, ते जमेल तसे मराठीत देते.

तिने हातातली पाने निवडून संपवली. मग म्हणाली, "अहवाल गुप्त असतो म्हणाले. सरांनी नाव सांगितलं नाही. मला वाटायचं, परदेशातला कुणी मोठा विद्वान असेल. म्हणजे माझंच चुकलं असेल. ते अव्यय मी किती वेळा तपासलं, मॅडम, तुम्हाला सांगू? लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा."

"तुझं बरोबर होतं."

"हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"हो."

तिच्या हातातले पान चुकीच्या ढिगात पडले. तिने ते उचलून बरोबर ढिगात ठेवले. मी घराचे आणि पुस्तकांचे सांगितले.

"बेडा," ती म्हणाली. "तुमचं काही नको मला."

"निदान मृत्युपत्रात मी सगळं कबूल करते. विद्यापीठाकडे जाईल अशी व्यवस्था करते."

"म्हणजे तुम्ही मेल्यावर?"

"हो."

"अय्यो मॅडम!" ती पहिल्यांदाच आवाज चढवून बोलली. "मेलेल्या माणसाला कोण काय विचारणार? लोक म्हणतील, म्हातारीचं डोकं फिरलं होतं शेवटी. माझे अप्पा मरेपर्यंत विचारत होते, 'नेमकं काय चुकलं, मगळे, माझ्या पोरी?' तेव्हा कुणी जिवंत माणसानं येऊन सांगितलं असतं तर?"

निघताना ती फाटकापर्यंत आली नाही. यावे अशी अपेक्षा करण्याचा हक्क मला नव्हता.

कलम ८. वह्या. बावीस वह्या वनजाने नाकारल्या आहेत आणि त्या संकर्षणच्या हाती पडता कामा नयेत. म्हणून नमिताबाईंनी त्यांच्या सर्व पानांच्या प्रती काढून कोणालाही, विनापरवानगी, वाचता येतील अशा ठेवाव्यात. चौदाव्या वहीत, दुसऱ्या वाक्यापाशी, मी लाल शाईने लिहिले आहे: 'इथे माझे वाचन चूक. बरोबर वाचन वनजाचे, सन २००३.' ते पान कोणी गाळू नये.

कलम ९. खोडलेल्या कलमाबाबत. या जागी पूर्वी असे कलम होते की, माझ्या अहवालासंबंधीचे शपथपत्र नमिताबाईंनी माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांत विद्यापीठाकडे पाठवावे. ते कलम मी खोडले आहे आणि खोडल्याजागी सही केली आहे.

शपथपत्र आज सकाळी मी स्वतः पोस्टात जाऊन रजिस्टर केले. एक प्रत कुलसचिवांना, वनजाचा प्रबंध मूळ ग्रीक येणाऱ्या परीक्षकांकडे नव्याने पाठवावा या अर्जासह. एक संकर्षणला. एक वनजाला. काउंटरवरच्या मुलीने पाकिटे तराजूवर ठेवत विचारले, "आत काय आहे, मॅडम? डॉक्युमेंट ना?" मी मान डोलावून म्हटले, "हौदू." तीन पावत्या सोबत जोडल्या आहेत.

दुपारी नरसिंहमूर्ती खाली आला. पोस्टात कशाला गेली होतीस, म्हणाला. मी सांगितले. तो दारातच उभा राहिला. "अक्का, या वयात? नाव जाईल तुझं. पेन्शनवरसुद्धा काही आणतील."

"आणू देत."

"लोक मला विचारतील."

"सांग, ती काहीतरी लिहीत असते."

तो जिना चढून गेला.

विद्यापीठ चौकशी नेमील, न नेमील. नेमलीच तर मी जिवंत असेन तोवर हजर राहीन आणि वयाची किंवा गुडघ्यांची सबब सांगणार नाही. वनजाला देण्यासारखे माझ्यापाशी एवढेच होते आणि ते द्यायला मी एकवीस वर्षे उशीर केला. आता या मृत्युपत्रात तिच्यासाठी काही शिल्लक नाही.

वरील सर्व कलमे मी वाचून, समजून, खाली नमूद केलेल्या साक्षीदारांसमक्ष सही करीत आहे. साक्षीदारांपैकी कोणालाही या कागदाने काही मिळत नाही. पहिले साक्षीदार नागोजीराव यांनी सही करण्याआधी विचारले, "वेदवतीबाई, हे सगळं खरं आहे?" मी त्यांना सहावे कलम पुन्हा वाचून दाखवले.

व्यवस्थापक: नमिता, वकील, म्हैसूर.

सही: वेदवती

साक्षीदार:
१. नागोजीराव, निवृत्त मुख्याध्यापक, चामराजपुरम, म्हैसूर. सही
२. डॉ. आभा, वैद्यकीय व्यवसाय, म्हैसूर. सही

ठिकाण: म्हैसूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४